सात्यांची जागा

तुम्ही चोरी केली आहे. घरातून काही उचलून नेलं तरच ती चोरी, असं तुमच्या कायद्यात लिहिलेलं असेल. दुसऱ्याच्या घरात न विचारता काही आणून टाकलं तर त्याला काय म्हणायचं, हे लिहायला तुम्ही विसरलात. विसरणारच. कायदा लिहिणारे तुम्ही आणि टाकणारेही तुम्हीच. जंगलात काय टाकलं, कोणाला विचारून टाकलं, आणि टाकून झाल्यावर तोंडात मिठाची गुळणी धरून का बसलात?

कुंताबाईला हे असं घडवून बोलता आलं नसतं. ती त्या दिवशी वारुळासमोर उभी राहून एवढंच बोलली, "कोन्या मुडद्यानं केलं हे?"

पण गोष्ट त्याच्या आदल्या संध्याकाळी सुरू झाली, सीताबाईच्या चुलीपासून.

नाकाडोंगरीच्या पुढे, जंगलाला पाठ लावून बसलेलं हे गाव. धानाचा रोवणा आटोपला होता, बायांच्या बोटांतला चिखल नुकताच सुटला होता. श्रावणातली ओली हवा, आणि त्या हवेत सीताबाईच्या घरातून वास सुटला. सात्यांचा वास. वारुळावर उगवणारी ही पांढरी रानछत्री, अळंबी. तेलात कांदा-लसणावर पडली की गल्लीतली माणसं बोलता बोलता थांबतात. तुमसरच्या बाजारात मटणापेक्षा महाग जाते, पण विकायला जीव होत नाही. वर्षातून एकदाच येते. पेरता येत नाही, लावता येत नाही, उधई, म्हणजे वाळवी, तिच्या मनाला येईल तेव्हा वर पाठवते.

कुंताबाई दारात उभी राहून वास घेत होती. सीताबाईनं तिला पाहिलं आणि झटकन झाकण ठेवलं.

"काय रांधलं वो सीताबाई?"

"काय रांधन? आलू."

"आलूले लई वास आला!"

"नवा मसाला हाये," सीताबाई म्हणाली आणि आत गेली.

कुंताबाईला राग आला नाही. तिनंही हेच सांगितलं असतं. या गावात एकमेकींच्या घरचं सगळं सांगतात. कोणाचा नवरा पितो, कोणाची सून रुसली, कोणाच्या पोरीला पाहायला आले. सात्यांची जागा मात्र सांगत नाहीत. सख्ख्या बहिणीला नाही. फारच कोणी अंगावर आलं, "कुठी भेटल्या वो?" म्हणून खनपटीलाच बसलं, तर सगळ्यांचं उत्तर एक: "नाल्याच्या पल्याड." नाल्याच्या पल्याड दगड आहेत आणि रायमुनियाची झुडपं. तिथं सात्या सोडा, धड गवतही येत नाही. विचारणारीलाही ते माहीत असतं. ती मान हलवते आणि विषय संपतो.

जागा सासूनं सुनेला दाखवायची. एकदाच, आणि तोंडानं न बोलता. कुंताबाईच्या सासूनं तिला अशीच नेली होती. सासू जाऊन आता बरीच वर्षं झाली. कुंताबाईच्या घरी यंदा सून होती, रुचिता. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, बाप फॅक्टरीत. जंगलात पाय ठेवताना ती अजून चप्पल सांभाळायची. पोरगी गुणाची होती, पण कुंताबाईच्या मनात सारखं यायचं: एवढ्यात आपल्याला काही झालं तर या पोरीला जागा कोण दाखवील? बाकी द्यायला होतं काय तिच्याकडे? शेत पोरांच्या बापाच्या नावावर, घर पोरांचं. ही एक जागा तिची होती.

"उद्या चालजो माह्यासंग," तिनं रात्रीच्या भाकरीला सांगितलं.

"कुठी, आई?"

"काड्या वेचाले."

रुचितानं बाहेर पाहिलं. पाऊस नुकताच थांबला होता. "ओल्या काड्या?"

"चूप बस न माय."

सकाळी दोघी दोर आणि विळा घेऊन निघाल्या. दोर नुसता दाखवण्यापुरता. सरळ वाटेनं न जाता कुंताबाईनं बोडीला, गावाच्या लहान तळ्याला, वळसा घातला, मोहाच्या झाडांमधून मागे फिरली, कोणी येत नाही ना ते पाहिलं आणि मग जंगलात शिरली. रुचिता मागून पाय झटकत येत होती, पण एक शब्द बोलली नाही. तिला काहीतरी कळलं असावं.

मोठ्या ऐनाच्या झाडापाशी वाट वाकते. तिथं वळलं की वारूळ. आणि वारुळाशेजारी सुमनबाई उभी.

सुमनबाई म्हणजे कुंताबाईची मोठी जाऊ. तिच्याही हातात दोर होता, काखेत टोपली.

"काय वो बाई, इकडं कुठी?" कुंताबाई म्हणाली.

"काड्या वेचाले. अन् तू?"

"मी बी काड्याच."

"सुनेले घेऊन?"

"तिले काड्या वयखाले शिकवून राहिली."

रुचितानं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. सुमनबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग कुंताबाईकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं.

"बुढीनं तुले बी दाखोली!"

"मंग? मले म्हणे, ह्या घरात फक्त तुले दाखवून राहिली. सुमनीले कळू देजो नको."

"मले म्हणे, कुंती मोठ्या तोंडाची हाये, तिले सांगजो नको!"

इतकी वर्षं एक जाऊ श्रावणाच्या सुरुवातीला येत होती आणि दुसरी पोळ्याच्या आसपास. दोघींनाही वाटायचं, वारूळ आपलं एकटीचं. दर वर्षी थोड्या तोडलेल्या देठांचे बुंधे दिसायचे; कुंताबाई रानडुकरावर घ्यायची, सुमनबाई माकडांवर.

हसून झालं. मग कुंताबाईची नजर सुमनबाईच्या टोपलीकडे गेली आणि आवाज बदलला. "तोडून घेतल्या तू? समद्या? एक बी ठेवली नाई?"

"पाय न टोपलीत. काय हाये?"

टोपली रिकामी होती.

"मंग?"

"मी तुह्याच नावानं बोटं मोडून राहिली होती आतापर्यंत," सुमनबाई म्हणाली. "मले वाटलं कोनी आली अन् घेऊन गेली. पन देठ नाई, काही नाई. तू वारूळ पाय."

कुंताबाईनं वारूळ पाहिलं. पावसानं एक बाजू ढासळली होती. दर वर्षीच ढासळते, आणि उधई दोन-चार दिवसांत ओली माती लावून ती पुन्हा उभी करते. इथं माती लागलेली नव्हती. छिद्रं उघडी. तिनं विळ्याच्या टोकानं कड उकरली. आत कोरडं, रिकामं, कोणी घर सोडून गेल्यासारखं.

आणि भोवती गवत. या जागी गवत कधी नसायचं. पाचोळ्याचा जाड थर असायचा, पाय टाकला की दबणारा. आता गुडघ्याएवढं गवत आणि तरोटा नावाचं तण. हिरवं, काळपट हिरवं, जास्त युरिया पडलेल्या धानासारखं. ऐनाच्या बुंध्याशी एक खुंटी. तिला निळी फीत.

ही खुंटी तिनं तेंदूपानाच्या दिवसांत पाहिली होती. तेव्हा वाटलं झाडं मोजत असतील. सरकारला मोजायची हौसच असते.

"आई, हे काय आहे?" रुचितानं पळसाचं एक वाळलेलं पान उचललं. पान वाटीसारखं वळलं होतं आणि त्यात पांढरे दाणे होते, अर्धे विरघळलेले.

कुंताबाईनं ते ओल्या तळहातावर घेतले. तळहात गार पडला. धानाच्या बांधीत युरिया फेकताना पडतो तसाच. तिनं न बोलता चार दाणे सुमनबाईच्या हातावर ठेवले. सुमनबाईनं मूठ मिटली, उघडली.

"युरिया हाये."

"सोसायटीत पाटी लावून ठेवली, युरिया आला नाई म्हून," कुंताबाई म्हणाली. "अन् इथी जंगलाले टाकून राहिले? कोन्या मुडद्यानं केलं हे?"

"खान काढतेत," सुमनबाई हळूच म्हणाली. या पट्ट्यात कुठं खुंटी दिसली की माणसाच्या मनात आधी खाणच येते. "पहिले झाडं मारतेत, मंग म्हणतेत इथी जंगलच नाई."

"खत टाकून झाडं मरतात का?" रुचितानं विचारलं.

खरं म्हणजे दोघींनाही माहीत नव्हतं. झाडं तर उलट टवटवीत दिसत होती. तेच जास्त संशयाचं होतं. ज्याला मारायचं त्याला कोणी असं चारून-पाजून मारतं का? आणि भलं करायचं होतं तर लपून का केलं?

यादोराव हा वनहक्क समितीचा अध्यक्ष. दोघी जावा त्याच्या छपरीत जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा तो तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता.

"खान-बिन काही नाई," तो म्हणाला. "बाहेरची एक संस्था हाये. फॉरेस्टच्या साहेबांनी पाठोली. जंगलाच्या जमिनीले खत देल्लं तं ती सुपीक होते का, हे पाहून राहिले. चौकोन पाडले. मले सांगतलं होतं त्यायनं."

"अन् तुमी हव म्हणलं?"

"मी कायले नाई म्हनू? साहेबानं विचारलं, ह्या तुकड्यात गावाचा काही वापर हाये का? मी आपला नकाशा पाह्यला. तथी काहीच नव्हतं."

"काहून नव्हतं?" कुंताबाई कडाडली. "आमी तथी जन्मभर जाऊन राहिलो!"

यादोरावानं खर्रा गालात सरकवला. "कुंताबाई, नकाशा करताना समद्या बायकाइले बसोलं होतं का नाई? मोह कुठी, चारोळी कुठी, तेंदू कुठी, समदं सांगतलं तुमी. मंग विचारलं, सात्या कुठी? काय सांगतलं?"

कुंताबाईनं सुमनबाईकडे पाहिलं.

"एकजात समद्या बोलल्या, नाल्याच्या पल्याड! मी तेच भरलं. माही बायको बी तेच बोलली. आता नाल्याच्या पल्याड त्यायनं एक खुंटी ठोकली नाई. गावाची जागा हाये म्हून हात लावला नाई. दगडाइले!"

तो हसला नाही. तेवढी अक्कल त्याला होती.

घरी येताना सुमनबाई म्हणाली, "जाऊ दे वो. आता आपलंच खोटं आपल्या अंगावर आलं."

"आपन खोटं बोललो एकमेकीशी," कुंताबाई म्हणाली. "त्यायच्याशी कुठी बोललो? त्यायले खरंच पाह्याचं असतं तं एक दिवस बाईमागं चालून पाह्यलं असतं. आमी खोटं सांगतलं ते बरं झालं त्यायले. विचारल्यासारखं झालं, अन् पाह्याचं बी काम पडलं नाई."

"मंग आता काय करतं?"

"ग्रामसभेत सांगतो. इथी होत्या म्हून."

सुमनबाई वाटेतच थांबली. "जागा सांगशील? पुऱ्या गावासमोर? अन् पुढच्या साली निघाल्या तं? फुटक्या वारुळावर अर्धं गाव चढून बसन. ह्या पोरीच्या वाट्याले काय राहीन?"

रात्रभर कुंताबाईला तेच कुरतडत राहिलं. गप्प बसलं तर जागा गुपित राहील आणि मरेल. बोललं तर कदाचित जगेल, पण तिची राहणार नाही. आणि सगळ्यात वाईट शंका ही, की दोन्ही होईल; गुपितही जाईल आणि जागाही.

सभा ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये भरली. साहेब उशिरा आले, जीप थेट पायरीला लावली. त्यांच्याबरोबर संस्थेचा एक तरुण होता, अनुप नावाचा, चिखलाचे बूट घातलेला. साहेबांचे बूट कोरडे होते, हे कुंताबाईनं आधी पाहिलं.

"जंगलाचं भलं होतंय, बायांनो," साहेब म्हणाले. "खत म्हणजे जमिनीचं टॉनिक. घाबरायचं काही कारण नाही."

"टॉनिक देताना बिमाराले विचारतेत, साहेब," कुंताबाई उठून म्हणाली. "अन् जंगल बिमार हाये हे कोन्या डॉक्टरनं सांगतलं? माह्या बांधीत युरिया जास्त झाला का धान माजते अन् लोळते."

"जंगल म्हणजे तुमची बांधी नाही, बाई."

"तं मंग बांधीचं खत तथी कायले?"

शेडमध्ये हशा पिकला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. अनुप मात्र हसला नाही. तो पुढे आला आणि सरळ बोलला. काही चौकोनांत नत्र टाकलंय, म्हणजे युरिया, काहींत स्फुरद, काहींत दोन्ही. पांढऱ्या फितीच्या चौकोनात काहीच नाही. आपल्यासारख्या उष्ण मुलखातल्या जंगलाच्या जमिनीला नत्र पुरतं आणि स्फुरद कमी पडतं असं म्हणतात. ते इथं खरं आहे का, आणि खत घातल्यावर मातीतलं काय वाढतं, काय मरतं, हे पाहायचं आहे.

"माह्या वारुळाजवळ निळी फीत हाये."

"म्हणजे नत्र."

"मंग उधई कायनं गेली? सात्या कायनं नाई आल्या?"

अनुपनं साहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नत्रानं माती आंबट होऊ शकते. बुरशीला ते बऱ्याचदा मानवत नाही. पण इथं त्यामुळंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. तिथं सात्या होत्या हेच आम्हाला माहीत नव्हतं. आधी पाहिलंच नाही, तर नंतर काय गेलं ते कसं सांगणार?"

"बस, झालं!" साहेबांनी त्याला हातानं थोपवलं. "खतानं काही झालेलं नाही. यंदा पाऊसच लांबला. यंदा सात्या कुठंच निघाल्या नाहीत. निघाल्या का कोणाकडे? सांगा बरं."

एवढ्या बाया बसलेल्या, आणि एकीचीही बांगडी वाजली नाही. कुंताबाईच्या नाकात सीताबाईच्या चुलीचा वास जसाच्या तसा उभा राहिला. सीताबाई दोन हातांच्या अंतरावर बसली होती, खाली मान घालून. तिचं नाव घेतलं असतं तर साहेबांचं तोंड तिथंच बंद झालं असतं. पण दुसरीच्या हंडीवरचं झाकण असं चारचौघांत उघडत नाहीत. कुंताबाईनं नाव घेतलं नाही. तिनं स्वतःचं उघडलं.

"माही जागा सांगतो मी," ती म्हणाली. "बोडीच्या अंगानं जा. मोहाच्या झाडांतून वर. मोठ्या ऐनापाशी वाट वाकते, तथीच डाव्या हाताले. माह्या सासूनं दाखोली होती. मी अजून सुनेले बी धड दाखोली नाई, तुमाले पहिले सांगून राहिली. घ्या."

"माही बी तेच," सुमनबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "बुढीनं दोघीइले फसोलं."

कोणी हसलं नाही. आणि मग सीताबाई उठली.

"माह्या घरी निघाल्या यंदा."

"कुठं?" साहेबांनी विचारलं.

"नाल्याच्या पल्याड," सीताबाईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, आणि सगळी शेड फुटली. यादोरावाला ठसका लागला. सीताबाईही हसली, पदरानं तोंड पुसलं आणि श्वास घेतला. "नाई, नाई. खरं सांगतो. ऐनाच्या पुढं जुनं तेंदूचं झाड हाये न, त्याच्या बुडाशी. तथी बी खुंटी हाये. पांढऱ्या फितीची. मले वाटलं आता झाड तोडून टाकतीन, म्हून अवंदा घाईनं घेतल्या. भरपूर निघाल्या. लेकीले बी धाडल्या."

अनुपनं मान झटकन वर केली. "पांढऱ्या फितीची? नक्की?"

"मी का आंधळी हावो?"

एकच जंगल, एकच पाऊस, आवाज दिला तर ऐकू जाईल एवढं अंतर. पांढऱ्या फितीजवळ निघाल्या, निळ्या फितीजवळ उधईसुद्धा राहिली नाही. हे समजायला शाळेत जावं लागत नाही. साहेबांनाही समजलं, कारण ते उठले.

"एका वारुळावरून काही सिद्ध होत नसतं. पूर्ण अहवाल आला की तुम्हाला कळवू."

"कवा येते अहवाल?"

"काही वर्षं लागतील. शास्त्राचं काम आहे."

"तवपर्यंत खत टाकून राहाल?"

साहेब चष्मा पुसू लागले. अनुप बोलायला गेला, पण साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला जीपकडे वळवलं.

कुंताबाई पायरीवर जाऊन बसली, जीपच्या बरोबर समोर. बाजूला सुमनबाई येऊन बसली, मग सीताबाई. रुचितानं चप्पल काढून ठेवली आणि सासूला खेटून चिखलातच बसली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. कोणी हललं नाही.

"आमी खोटं बोललो होतो, साहेब. ते आमी आज पुऱ्या गावासमोर निस्तरलं. जे काही लपवून ठेवलं होतं, ते समदं सांगून टाकलं," कुंताबाई म्हणाली. "आता तुमची पाळी. ते खत उद्यापासून बंद करता का नाई? अन् माह्या वारुळात उधई परत येते का नाई? हव तं हव म्हना. नाई तं नाई म्हना. माहीत नसन तं माहीत नाई म्हना, आमी ते बी आयकून घेऊ. पन मले ह्या पोरीले नेऊन दाखवाचं हाये. काय दाखवू तिले, वारूळ का तुमची खुंटी? बोला."